पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर

बारावीचा मानसशास्त्राचा पेपर होता त्या दिवशी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेच्या चार मुलींना आणायला मी परीक्षा केंद्रावर गेले होते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीपासून ते केंद्र लांब, म्हणून पाच जणींत एक ऑटो ठरवला होता. घंटा झाली, मुले बाहेर पडली आणि फाटकापासून दहा पावलांवर रसवंतीच्या सावलीत नेहमीचा प्रकार सुरू झाला. "जोड्या लावामधलं तिसरं काय केलं?" "ते चौथं विधान चूक होतं ना?" "टीप कोणती सोडली?" तीन तास गप्प बसलेली पोरे एकदम बोलायला लागली की चिमण्यांचा थवा बरा वाटतो.

त्या घोळक्यात गाइड हातात धरलेला एक मुलगा होता. आवाज मोठा, क्लासला जाणारा. नैराश्याच्या लक्षणांचा विषय निघाला तेव्हा आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मी डोकं दुखणं, अंग दुखणं, चिडचिड, रात्री दोनला उठून बसणं, भाजीला चव न लागणं असं लिहिलं." तो मुलगा हसला. म्हणाला, "हे काय दवाखान्यातलं लिहिलंस? डोकेदुखीचा काय संबंध? गाइडातले शब्द नसतील तर गुण नाहीत." आजूबाजूच्या सात-आठ जणांनी माना हलवल्या. त्यातल्या निम्म्यांनी तो प्रश्न सोडवलाही नसेल. मुलगी गप्प झाली. ऑटोत ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि मी बावळटासारखी बाकीच्या तिघींशी उन्हाबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई अभ्यासिकेच्या दारात उभी. "मॅडम, पोरगी रातीपासून जेवली नाही. म्हणते, उद्याच्या पेपरले जात नाही. सारं चुकलं म्हणते."

दर वर्षी फेब्रुवारी आला की वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या फळ्यावर एक सल्ला येतो: पेपर सुटल्यावर उत्तरांची चर्चा करू नका. मला तो सल्ला पटत नाही. मुले चर्चा करणारच. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, मोठा भाऊ पदवीधर आहे, तिथे मूल घरी येऊन प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवते आणि कोणीतरी ती वाचते. आपल्या किती घरांत मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका वाचून "हे बरोबर लिहिलंस बाळा" म्हणणारे कोणी आहे? आई धुण्याभांड्याच्या कामावरून यायची असते, बाप रात्रपाळीला जायचा असतो. आपल्या पोरीसाठी रसवंतीखालचा घोळका हीच एक जागा आहे जिथे तिचे उत्तर कोणी ऐकते. तीही बंद करा म्हणणे म्हणजे तिला एकटे पाडणे. तेव्हा मुले बोलोत. कोणाचे खरे मानायचे आणि कधी मानायचे, एवढेच आपण त्यांना शिकवू शकतो.

घोळक्यात काय होते ते मानसशास्त्रानेच मोजून ठेवले आहे. सॉलोमन ॲश या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग 1951 साली प्रसिद्ध झाला. एका खोलीत काही विद्यार्थी बसवले. त्यांना एक रेघ दाखवली आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्या लांबीची कोणती ते मोठ्याने सांगायला लावले. उत्तर लहान मुलालाही दिसेल असे होते. पण खोलीतला एकच विद्यार्थी खरा होता, बाकीचे सगळे आधी शिकवून ठेवलेले. ते ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. एकटे असताना माणसे या कामात जवळजवळ चुकतच नाहीत. इथे मात्र, बाकीच्यांनी चुकीचे सांगितले तेव्हा, साधारण तीनातल्या एका वेळी त्या खऱ्या विद्यार्थ्यानेही डोळ्यांसमोरची रेघ सोडून तेच चुकीचे उत्तर दिले. समोर दिसणाऱ्या रेघेबद्दल ही गत. आपल्या पोरीने उत्तर लिहिलेला कागद तर पर्यवेक्षकाने नेलेला असतो, हातात काही नसते. दहा जणांनी "चूक" म्हटले की आपण नेमके काय लिहिले होते तेही तिला धूसर व्हायला लागते.

आपल्या वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. फाटकाबाहेर ज्याचा आवाज मोठा तो आपोआप उत्तरसूची होतो. आवाज कोणाचा मोठा असतो? ज्याच्याकडे क्लास आहे, गाइड आहे, ज्याची भाषा पुस्तकासारखी आहे, त्याचा. आपली मुलगी वाचून आणि पाहून शिकलेली असते, पण स्वतःच्या शब्दांवर तिचा भरवसा नसतो. म्हणून ती आधी मागे सरते आणि बरोबर असूनही चुकल्यासारखी घरी येते. त्या मुलावर माझा राग नाही, हेही सांगते. गाइड घट्ट धरून मोठ्याने बोलणारा मुलगा बहुतेक वेळा स्वतःचीच समजूत घालत असतो. त्याच्या घरी क्लासची फी कशी भरली असेल ते त्यालाच माहीत.

आणखी एक रडगाणे प्रत्येक पेपरनंतर ऐकू येते. "मी आधी बरोबर लिहिलं होतं, मग खोडून चूक केलं. पहिलंच ठेवायला हवं होतं." अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात संशोधकांनी नेमक्या मानसशास्त्राच्याच परीक्षेच्या दीड हजारांहून जास्त उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांतली खोडून बदललेली उत्तरे मोजली. तो अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. बदललेल्या उत्तरांपैकी साधारण निम्मी चुकीची होती ती बरोबर झाली होती, आणि बरोबरची चूक झालेली सुमारे पाव होती. म्हणजे खोडण्यात नुकसानीपेक्षा फायदा जास्त. तरीही सगळ्यांना उलटे वाटते, कारण हातात आलेले निसटले याची हळहळ मोठी असते आणि तीच लक्षात राहते. पोर असे म्हणत रडत आली तर तिला हे सांगा. रडणे लगेच थांबेल असे नाही, पण "मी मूर्ख आहे" यावरून ती "असं सगळ्यांनाच वाटतं" इथवर येईल.

आता त्या मुलीकडे येते. मी तिच्या घरी गेले. पत्र्याची खोली, कूलर अजून उतरवलेला नव्हता, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी एवढेच म्हटले, "तुझं पुस्तक काढ. गाइड नको, पाठ्यपुस्तक." उत्तर तिने आठवून वहीत पुन्हा लिहिले आणि मग आम्ही मानसिक विकारांचा धडा उघडून ओळीशी ओळ लावली. मन सतत उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, झोप बिघडणे, भूक मंदावणे, थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला दोष देत राहणे. तिने यातले बहुतेक लिहिले होते, फक्त घरच्या शब्दांत. "भाजीला चव न लागणं", "रात्री दोनला उठून बसणं". राहिली डोकेदुखी आणि अंगदुखी. नैराश्य पुष्कळदा शरीराच्या दुखण्याचे रूप घेऊन येते, आणि आपल्याकडच्या बाया तर डॉक्टरकडे मनाचे सांगतच नाहीत, कंबरेचे आणि डोक्याचे सांगतात. पोरीचे उत्तर चुकलेले नव्हते. किती गुण मिळतील ते तपासणारा ठरवेल. पण मुद्दा बरोबर असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहिले म्हणून घाबरायचे कारण नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हे येवढं तुले कोनं सांगितलं? क्लास तं लावला नाही आपण."

पोरगी वहीकडे बघत म्हणाली, "कोनंच नाही सांगितलं माय. तुझ्याकडे पाहून लिहिलं."

खोलीत कोणी काही बोलले नाही. (हे सगळे दोघींच्या संमतीने लिहिते आहे, नावे देत नाही.) आईने मग सांगायला सुरुवात केली. धाकटा गेल्यापासून झोप नाही. डोके दुखते म्हणून दुकानातून गोळी आणायची आणि कामावर जायचे. आजारी आहोत असे तिला कधी वाटलेच नाही, आळशी झालो असे वाटायचे. त्या दिवशी रसवंतीखाली एका मुलाने जे उत्तर हसण्यावारी नेले ते एका घराचे दोन वर्षांचे दुखणे होते.

पालकांशी थोडे बोलायचे आहे. ॲशच्या त्याच प्रयोगात पुढे एक बदल केला होता. खोटे बोलणाऱ्यांत एकच माणूस खरे उत्तर देणारा ठेवला. बाकी सगळे तसेच. तेवढ्याने त्या विद्यार्थ्याचे वाहवत जाणे खूपच कमी झाले. एकच साथीदार पुरला. घरात तो साथीदार व्हायला मानसशास्त्र यावे लागत नाही. पोर दारात आल्याबरोबर "किती येतील?" विचारू नका. पाणी द्या, जेवू घाला. ती आपणहून म्हणाली की अमुक चुकलं, तर "कोण म्हणालं? पुस्तकात बघितलं का?" एवढे विचारा. आणि पुढचा पेपर दोन दिवसांवर असेल तर तेही नको. शेवटचा पेपर होईपर्यंत प्रश्नपत्रिका आईच्या ट्रंकेत राहू द्या. रात्रभर जागून जुन्या पेपरचे गुण मोजणारी मुलगी दुसऱ्या दिवशी वाचलेलेही विसरते, कारण दिवसा वाचलेले मनात पक्के व्हायला झोप लागते.

शेवटचा पेपर झाला की मात्र उत्तरे जरूर पडताळावीत, पुस्तक उघडून. आपल्याला शंभर टक्के खात्री होती आणि तरी चुकले, अशी चूक कोणी दाखवून दिली तर ती उलट जास्त घट्ट लक्षात राहते, हेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून चुकीची भीती नको. आमच्या अभ्यासिकेत यंदापासून हाच नियम आहे: पाठ्यपुस्तक मध्ये, पेन्सिल हातात, आणि जो "हे चूक" म्हणेल त्याने पान दाखवायचे. मोठ्या आवाजाची पंचाईत होते. मजा येते.

गुणांचेही बोलून टाकू, कारण घाबरलेल्या पोराला हिशोब सुचत नाही. लेखी पेपर 80 गुणांचा, 20 गुण कॉलेजातले, उत्तीर्ण व्हायला 35. एक प्रश्न पूर्ण गेला तरी विषय जात नाही. निकालावर शंका असेल तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अर्जाची मुदत थोडे दिवस असते, म्हणून निकाल लागताच कॉलेजात चौकशी करा. नापास झालेच तर पुरवणी परीक्षा आहे. वर्ष गेले, आयुष्य गेले, ही बोलणी आपणच पोरांच्या कानावर घालतो.

एका गोष्टीत मात्र वाट बघू नका. मूल म्हणाले की "मी नसतो तर बरं झालं असतं", वस्तू वाटून टाकायला लागले, दार लावून बसले, तर "परीक्षेचं टेन्शन आहे" म्हणून सोडू नका. जवळ बसून सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री एकटे ठेवू नका. शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. मुलांसाठी आहे तशी आयांसाठीही आहे. मानसोपचाराचा विभाग सरकारी दवाखान्यातही असतो. नागपूरकरांना आपले मेडिकल ठाऊकच आहे. तिथे गेल्याने कोणी वेडे ठरत नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी पेपरला गेली. बाकीचेही दिले. शेवटचा पेपर झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात आईने कामावरून एक खाडा घेतला आणि दोघी सकाळी सातच्या बसने मेडिकलला गेल्या. चिठ्ठीच्या रांगेत दोन तास गेले. डॉक्टरांनी काय होते विचारले तेव्हा आईला पटकन काही सुचेना, म्हणून मुलीने पर्समधून वहीचे ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवले.