मालाची स्थिती आणि विशेषणाची जागा

व्यापारी पत्रव्यवहारात एका शब्दाची जागा हलली, तर कधीकधी रकमेचाच प्रश्न उभा राहतो. ‘वी फाउंड द एम्प्टी बॉक्स’ आणि ‘वी फाउंड द बॉक्स एम्प्टी’ ही दोन वाक्ये पाहावीत. शब्द तेच, संख्याही तीच. परंतु पहिल्याचा अर्थ, जो रिकामा खोका आपण शोधत होतो तो सापडला. आणि दुसऱ्याचा अर्थ, खोका उघडून पाहिला तो आत काहीच नव्हते. पहिले वाक्य वाचून पुरवठादार निश्चिंत होईल. दुसरे वाचल्यावर त्याला उत्तर द्यावे लागेल.

नुकसानभरपाई मागताना आपल्याकडील अनेक जण ‘वी रिसीव्ड द डॅमेज्ड गुड्स’ असे लिहून मोकळे होतात. या वाक्यातून एवढेच निघते की, जो माल खराब म्हणून उभयपक्षी ठाऊक होता तो मिळाला. माल आपल्या हाती पडला त्या क्षणी तो कोणत्या स्थितीत होता, हे त्यात सांगितलेलेच नाही. आणि भरपाईचा सारा दावा तर त्या क्षणावर उभा असतो. ‘द गुड्स अराइव्ह्ड डॅमेज्ड’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही. येथे ‘डॅमेज्ड’ हे विशेषण नामाला चिकटून राहत नाही. ते क्रियापदाच्या पलीकडे जाऊन बसते आणि येतानाची अवस्था सांगते.

हा भेद मराठीला परका नाही. ‘फुटक्या बरण्या आल्या’ आणि ‘बरण्या फुटलेल्या आल्या’ यांतले अंतर आपल्या घरातील लहान मूलही ओळखते. शिवाय आपले विशेषण नामाप्रमाणे वळते: दरवाजा उघडा ठेव, खिडकी उघडी ठेव, कपाट उघडे ठेव. कोणाची स्थिती सांगितली आहे, हे शब्दाच्या शेवटच्या स्वरावरूनच कळते. इंग्रजीतील ‘ओपन’ मात्र कोणासाठीही वळत नाही. त्यामुळे तेथे अर्थाचा सगळा भार जागेवर येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेली पिढी वाक्यरचनेविषयी इतकी काटेकोर का असे, याचे एक कारण यातही असावे.

शब्दांचे अर्थ पाठ असूनही वाक्य चुकते, हा अनुभव सर्वच परभाषिकांचा आहे. 1924 मध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी जपानला गेलेल्या ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने याच अडचणीकडे लक्ष दिले. कोणते क्रियापद आपल्यामागे कोणती रचना घेते, हे त्याने साच्यांच्या रूपाने मांडले. त्याचा कोश 1942 मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. विद्यार्थ्यांच्या हाती आज दिसणारा ऑक्सफर्डचा जाडजूड कोश त्याच्याच वंशातला.

क्रियापदामागून विशेषण येण्याचा सर्वांत सोपा साचा ‘इज’चा. त्याच्या पंक्तीला ‘लुक’, ‘सीम’, ‘फील’, ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘साउंड’ ही मंडळी बसतात. ‘द क्लॉथ फील्स सॉफ्ट’ येथे ‘सॉफ्टली’ लिहिण्याचा मोह होतो, कारण क्रियापदाजवळ क्रियाविशेषण हवे असे शाळेत शिकवलेले असते. पण कापड काही करीत नाही. ते कसे आहे एवढेच सांगायचे आहे. कसोटी सोपी आहे. क्रियापदाच्या जागी ‘इज’ ठेवून पाहावे. वाक्य तगले तर विशेषणच हवे. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली अॅट द कस्टमर’ म्हणजे त्याने गिऱ्हाइकाकडे रागाने पाहिले. दुसऱ्या वाक्यात डोळ्यांनी केलेली कृती आहे, म्हणून तेथे क्रियाविशेषण.

खरी गंमत बदल दाखवणाऱ्या क्रियापदांत आहे. आपल्याकडे दूध नासते, पापड सादळतो, आंबा उतरतो, लोणचे बुरसते. प्रत्येक पदार्थाच्या बिघाडाला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले आहे. इंग्रजी तसे करीत नाही. ती ‘गो’ हे एकच क्रियापद सर्वांना लावते आणि बिघाडाचा प्रकार विशेषणावर सोपवते: दूध ‘गोज सावर’, पापड ‘गोज सॉफ्ट’, आंबा ‘गोज बॅड’, लोणचे ‘गोज मोल्डी’, तूप ‘गोज रॅन्सिड’, सोडा ‘गोज फ्लॅट’. पेढीसुद्धा याच वाटेने ‘गोज बँकरप्ट’. म्हणजे आपण बिघाड क्रियापदात साठवतो, ते विशेषणात. मराठीची ही श्रीमंती मला अधिक प्रिय आहे, हे नमूद करून पुढे जातो.

तथापि, ‘गो’ सर्वत्र चालत नाही. म्हातारपणाला ‘ग्रो ओल्ड’, थकव्याला ‘गेट टायर्ड’, आजाराला ‘फॉल इल’. यातले शेवटचे आपल्या ‘आजारी पडणे’शी नेमके जुळते. ‘फॉल’चाच एक व्यापारी उपयोग ध्यानात ठेवावा: हुंडीची मुदत भरली की ती ‘फॉल्स ड्यू’. साठा कमी होऊ लागला तर ‘स्टॉक इज रनिंग लो’. आणि एक सापळा. ‘द बिल वेंट अनपेड’ यात ‘गो’ असूनही बदल नाही. बिल चुकते झालेच नाही, तसेच राहून गेले, असा त्याचा अर्थ. ‘अन’ने आरंभ होणारी विशेषणे ‘गो’मागे आली की बहुधा असेच होते: ‘द लेटर वेंट अनआन्सर्ड’, पत्र अनुत्तरित राहिले.

कर्म मध्ये घेऊन विशेषण शेवटी ठेवणारा साचा पेढीवर रोज लागतो. ‘कीप द रेकॉर्ड्स सेफ’, ‘वी होल्ड यू लायेबल’, ‘वी फाउंड द क्वालिटी सॅटिस्फॅक्टरी’. खोक्यावरील ‘कीप ड्राय’ हेही त्याच घरचे. कर्म समोरच असल्यामुळे ते छापलेले नाही इतकेच. याच साच्यात इंग्रजी एक काटकसर साधते. ‘ही वाइप्ड द काउंटर क्लीन’ हे मराठीत सांगायचे तर ‘पुसून स्वच्छ केला’ अशी दोन क्रियापदे लागतात. ‘शी पुश्ड द डोअर ओपन’ म्हणजे ढकलून उघडले. कृती क्रियापदात, परिणाम विशेषणात.

आता या नियमाला अपवाद वाटावा असा एक प्रयोग. ‘मेक गुड द लॉस’ म्हणजे नुकसान भरून द्या. येथे विशेषण कर्माच्या आधी का आले? ‘मेक गुड’ ही जोडी इतकी घट्ट झाली आहे की ती एका क्रियापदासारखी वागते. ‘मेक क्लिअर’चेही थोडे असेच आहे. कर्म लांबलचक असले तर इंग्रजी ते शेवटी ढकलते: ‘प्लीज मेक क्लिअर द टर्म्स ऑन विच द बॅलन्स विल बी पेड’. कर्म आटोपशीर असले तर ‘मेक द टर्म्स क्लिअर’ हेच सरळ. आणि कर्माच्या जागी नुसते सर्वनाम आले, तर निवड उरतच नाही: ‘मेक इट गुड’ लिहावे, ‘मेक गुड इट’ कधीही लिहू नये.