मोटारीच्या दारांतील स्पीकर बदलताना

मोटार आठ-दहा वर्षांची झाली की तिचे इंजिन धडधाकट असूनही तिच्या दारांतील स्पीकर मात्र थकू लागतात. गायकाचा स्वर फाटका येतो, डग्ग्याची घुमक नाहीशी होऊन नुसती खरखर उरते आणि बातम्या सांगणारा गृहस्थ रुमालाआडून बोलत असल्याचा भास होतो. अशा वेळी दुकानात गेलेल्या कुटुंबप्रमुखास बहुधा असे सुचविण्यात येते की, आता सारेच बदला: समोरचा पडदा, वेगळा ॲम्प्लिफायर, मागची मोठी पेटी, सर्व काही. तो आकडा ऐकून तो निमूटपणे परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या कामासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात घालतो. वस्तुतः पुढील दारांतील एक जोडी बदलल्याने पुष्कळांचे काम भागते आणि नामांकित कंपनीची साधी जोडी दोन ते चार हजार रुपयांत मिळू शकते.

(ह्या वस्तूस 'ध्वनिक्षेपक' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे; परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला तो उच्चारल्यास दुकानदार सभामंडपातला कर्णा दाखवील. म्हणून येथे 'स्पीकर'च म्हटले आहे.)

पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. टेपवरील बॅलन्स आणि फेडर फिरवून एका वेळी एकेकच स्पीकर वाजू द्यावा. एकच फाटका वाजत असेल तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. चारही सारखेच फाटके वाजत असतील तर संशय टेपवर घ्यावा. मग दाराचे आवरण उतरवून स्पीकर सुटा करावा आणि साध्या दीड व्होल्टच्या सेलच्या दोन तारा त्याच्या टोकांना क्षणभर टेकवाव्यात. 'टक्' असा आवाज येऊन कागदी शंकू हलला तर आतील वेटोळे शाबूत आहे. काहीच न झाल्यास ते जळाले किंवा तुटले असे समजावे. पुष्कळदा वेटोळे ठीक असते आणि शंकूच्या कडेचे फोमचे कडे तेवढे कुजून भुगा झालेले असते. असे कडे बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत अजूनही आहेत. मूळ स्पीकर चांगल्या प्रतीचा असेल तर प्रथम त्यांच्याकडे चौकशी करण्यात शहाणपणा आहे.

नवा घ्यावयाचाच झाल्यास त्याचे कडे रबराचे असावे. कोकणच्या दमट हवेत आणि नागपूरच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारीत फोम फार काळ तग धरीत नाही. शंकू कागदाचा असला म्हणून त्यास कमी लेखू नये. कागद हलका असतो आणि थोड्या शक्तीत चांगला बोलतो. मात्र दारात पाणी झिरपत असल्यास पॉलिप्रॉपिलीनचा शंकू अधिक टिकेल.

मापाच्या बाबतीत दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये. आपल्याकडील बऱ्याच मोटारींच्या पुढील दारांत साडेसहा इंची स्पीकर बसतो खरा, परंतु काहींत सव्वापाच इंची, तर जुन्या लहान गाड्यांत चार इंचीही आढळतो. घेराइतकीच खोलीही महत्त्वाची आहे. खिडकीची काच पूर्ण खाली उतरवून, पत्र्यापासून काचेपर्यंत किती जागा उरते ते पट्टीने मोजावे आणि तो आकडा लिहून नेऊनच बाजारात जावे. स्पीकरचे लोहचुंबक काचेस अडले तर घेतलेली वस्तू परत करताना दुकानदाराशी हुज्जत ठरलेलीच.

आता वॅटविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण ग्राहकाची फसगत सर्वांत अधिक येथेच होते. खोक्यावर ठळक अक्षरांत '३०० वॅट' असे छापलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पीक' किंवा 'मॅक्स' हा शब्द असतो. तो आकडा क्षणिक कमालीचा, आणि पुष्कळदा छापणाऱ्याच्या उदारपणाचाही. आपण पाहावयाचा तो 'आर. एम. एस.' म्हणजे सतत पेलवणारा आकडा. तो तीस ते साठच्या दरम्यान असला म्हणजे पुरे. याचे कारण साध्या अंकगणितात आहे. इंजिन चालू असता मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो. तेवढ्या दाबावर चालणारा टेप चार ओहमच्या स्पीकरला, कागदावरच्या हिशेबाने, सुमारे २६ वॅटच देऊ शकतो. आणि गळती वजा जाता स्वच्छ स्वरूपात प्रत्यक्ष मिळतात ते याहूनही कमी. वेगळा ॲम्प्लिफायर नसता शेकडो वॅटचा स्पीकर घेणे म्हणजे एका कळशीसाठी हौद बांधणे होय. एवढेच नव्हे, तर पुष्कळ शक्ती पेलण्यासाठी केलेला जड शंकू थोड्या शक्तीत अधिक दबकाच वाजण्याचा संभव असतो.

म्हणून मर्यादित खर्चात ज्या आकड्याकडे सर्वप्रथम पाहावे तो 'सेन्सिटिव्हिटी'चा. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. तेव्हा ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर निवडणाऱ्यास तोच टेप दुप्पट ताकदीचा झाल्यासारखा लाभ होतो, तोही फुकट. येथेही एक खोच आहे. काही कंपन्या हे माप एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर घेतात. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या दाबावर दोन वॅट मिळतात, त्यामुळे आकडा आपोआप तीन डेसिबलांनी फुगतो. दोन कंपन्यांची तुलना करताना मोजमापाची रीत एकच आहे ना, हे पत्रकावर पाहून घ्यावे. ओहमचा आकडा मूळच्या स्पीकरइतकाच ठेवावा. आपल्या टेपला चालतो असे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले नसेल, तर दोन ओहमचा स्पीकर जोडून टेप तापवू नये.

एकाच चौकटीत मधोमध बारीक ट्वीटर बसविलेला 'कोअॅक्सियल' प्रकार घरगुती उपयोगास पुरेसा आहे. 'थ्री-वे', 'फोर-वे' ही नावे ऐकून किंमत वाढवून देऊ नये. सुटा ट्वीटर असलेला 'कम्पोनंट' संच ऐकावयास निश्चित सरस असतो, परंतु त्यास किंमतही अधिक आणि बसविण्याचे कामही अधिक. मागील दारांतील जुनी जोडी वाजत असेल तर ती तशीच राहू द्यावी.

वाचलेले थोडे पैसे मात्र बसवणुकीवर जरूर खर्चावेत. स्पीकरच्या मागील बाजूनेही तेवढाच आवाज निघत असतो. कडेच्या फटींतून तो पुढे आला की पुढच्या आवाजास मारक ठरतो आणि खर्जच नाहीसा होतो. यासाठी मोटारीस जुळणारी अडॅप्टर रिंग व तिच्याभोवती फोमची पट्टी घट्ट बसवावी आणि पत्रा थरथरत असल्यास त्यावर ब्यूटिलची डॅम्पिंग शीट चिकटवावी. एवढ्याने साध्या जोडीतून जो भरदारपणा येतो, तो पुष्कळांना महागड्या जोडीतूनही लाभत नाही. कारखान्याची तार कापू देऊ नये. मोटारीच्या मूळ जोडणीत बसणारा कप्लर मागावा. त्याची किंमत किरकोळ असते आणि वॉरंटीचा वादही टळतो.

दोन्ही स्पीकरांच्या तारा एकाच दिशेने जोडल्या आहेत ना, हे दार बंद करण्यापूर्वीच तपासावे. एक उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, परंतु एकाचा शंकू बाहेर येत असता दुसऱ्याचा आत जातो आणि खर्ज परस्परांस छेदतो. कारागीर घाईत असला की हे हमखास घडते. बॅलन्स मध्यभागी ठेवून ऐकावे. गायक समोर उभा न वाटता आवाज पोकळ, इकडेतिकडे विखुरलेला वाटला तर एका दाराच्या तारा बदलून पुन्हा ऐकावे.

दाराच्या आत चिकटविलेला प्लॅस्टिकचा पडदा कारागिराने फाडून टाकला असल्यास तो पुन्हा नीट चिकटवून घ्यावा, कारण काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी तोच अडवितो. ते पाणी बाहेर जाण्यासाठी दाराच्या तळाशी बारीक भोके असतात. त्यांवर डॅम्पिंग शीट चिकटली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. मग काच दोनदा वरखाली करावी आणि स्क्रू आवळण्यास सांगावे.