बिजागरी कोणत्या खांबाला?

जुन्या मोटारींचे कौतुक निघाले की बोलणे रंगते ते इंजिनाचे, दिव्यांचे आणि गाडीच्या डौलाचे. दाराच्या बिजागरीकडे कुणाचे लक्ष जात नाही. माझ्या मते मात्र गाडी बांधणाऱ्याने प्रवाशाचा किती विचार केला, हे या क्षुद्र वस्तूइतके दुसरे काहीच सांगत नाही.

मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमळ नाव दिलेली गाडी घ्या. इटलीत 1953 साली आलेली ही फियाट 1100 पुढे प्रीमियर कंपनीने आपल्याकडे बांधली. तिची मागची दारे नेहमीसारखी. पुढची मात्र उलटी उघडत. दोन्ही अंगांची दारे आपापल्या मधल्या खांबावरच टांगलेली! यात हिशेब होता. मधला खांब भक्कम केला की भागते. काचेलगतचा पुढचा खांब बारीक ठेवता येतो. शिवाय आत शिरताना पाय अडखळत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला सोपे.

बिजागरी पुढे न्यायची, तर तो बारीक खांब ओझे पेलणार कसा? दार 20 किलोचे आणि त्याचा भारमध्य बिजागरीपासून अर्धा मीटर दूर धरा. दोन बिजागऱ्यांत 40 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर 25 किलोची आडवी ओढ येते. अंतर 25 सेंटिमीटरवर आणले की तीच ओढ 40 किलो होते. म्हणजे जाड पत्रा आला, वजन आले, खर्च आला.

पण चालत्या गाडीत दाराची कडी सुटली तर? बिजागरी पुढे असेल, तर वारा दार दाबून धरतो. मागे असेल, तर तोच वारा ते सताड उघडतो. इंग्रजीत ‘सुइसाइड डोअर’ हे नाव उगाच पडले नाही.

कुणी म्हणेल, प्रवाशाने सावध असावे. मला हे पटत नाही. धावपळीत माणूस चुकणारच. पोर कडीशी खेळणारच. ती चूक पोटात घालणे हे यंत्राचे काम आहे. फियाटने 1957 च्या छोट्या 500 ला उलटीच दारे दिली. 1965 साली मात्र बिजागऱ्या पुढे आणल्या. आपल्या पद्मिनीचीही चारही दारे पुढूनच टांगलेली होती. म्हणजे मनात आणले तर जमणारे होते.

जुनी गाडी जशीच्या तशी जपावी. तिची उलटी दारेही जपावीत. पण त्यांच्या डौलाची तारीफ करताना, खांबाच्या पत्र्यात वाचलेल्या पैशांची जोखीम कुणाच्या माथी गेली, हेही सांगावे.