पदवीचे अर्थशास्त्र आणि गणिताचे भय

समग्रलक्षी अर्थशास्त्राचा प्रगत अभ्यास पदवीच्या वर्गात आणावा की तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांपुरता वाटतो. वस्तुतः तो तेवढा मर्यादित नाही. महागाई का वाढते, रुपया का घसरतो, रोजगार का आटतो, सरकारने कर्ज काढून खर्च करावा की नाही, या प्रश्नांवर निवडणुका लढविल्या जातात. त्यांचा विचार करण्याची शिस्त ज्या शास्त्रात आहे, ते पदवीधरांच्या हाती जुजबी स्वरूपातच पडत असेल, तर त्याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथ्या वर्षाची जोड दिली आहे. त्या वर्षात काय शिकवायचे, हे ठरविताना हा प्रश्न टाळता येणार नाही.

आज महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत चित्र काय दिसते? कला शाखेचा विद्यार्थी दहावीनंतर सहसा गणिताचा निरोप घेतो आणि त्याच शिदोरीवर अर्थशास्त्राची पदवी मिळवतो. केन्स यांचा १९३६ चा सिद्धांत, हिक्स यांनी १९३७ साली मांडलेली दोन छेदणाऱ्या वक्रांची आकृती आणि गुणकाचे सूत्र एवढे पाठ केले की उत्तरपत्रिका भरते. मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा ठरवते आणि त्यातून व्याजदर निघतो, असे तो लिहितो. प्रत्यक्षात २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून सहा सदस्यांची समिती आधी रेपो दर ठरवते आणि महागाईचा दर चार टक्क्यांच्या आसपास, दोन ते सहा टक्क्यांच्या मर्यादेत राखण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. वर्गातील आकृती आणि वृत्तपत्रातील बातमी यांची गाठच पडत नाही. याचा दोष केवळ शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. जेथे पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि अध्यापन तासिका तत्त्वावर उरकले जाते, तेथे नवे शास्त्र शिकवण्यासाठी आधी ते शिकण्याची उसंत कोणाला मिळणार?

गणित हे अर्थशास्त्रावरचे परकीय आक्रमण आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला अंदाज बांधणारे दादाभाई नौरोजी हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८६७-६८ या वर्षासाठी त्यांनी दरडोई उत्पन्न सुमारे वीस रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी त्याची तुलना केली. त्या आकड्याने राज्यकर्त्यांना जे अस्वस्थ केले, ते नुसत्या वक्तृत्वाला साधले नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा सुवर्ण विनिमय परिमाणाबाबत खुद्द केन्स यांच्या मताचा त्यांनी प्रतिवाद केला होता. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रगत अर्थशास्त्र झेपणार नाही, असे म्हणताना या परंपरेचा विसर पडतो.

प्रगत अभ्यास म्हणजे काय, हे घरच्याच उदाहरणाने पाहता येते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना व्यापक प्रमाणावर राबविली. १९७५ पासून तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि १९७७ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला. समजा, नोकरदार मिळालेल्या रुपयातले साठ पैसे खर्च करतो आणि मजूर नव्वद. मग एकाकडून घेतलेला रुपया दुसऱ्याला मजुरी म्हणून दिला, की बाजारातील मागणी पहिल्याच फेरीत तीस पैशांनी वाढते. येथवरचे गणित पहिल्या वर्षाचे आहे.

पण खरा विचार पुढे सुरू होतो. मजूर तो पैसा प्रामुख्याने धान्यावर खर्च करणार. धान्याचा पुरवठा वाढला नाही तर गुणकाचा परिणाम उत्पादनाऐवजी किमतींवर होईल. अविकसित देशांत गुणक केन्स यांच्या अपेक्षेप्रमाणे चालत नाही, असे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ सालीच दाखविले होते. उलट, त्याच मजुरीतून बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले, तर काही वर्षांनी पुरवठाही वाढेल. म्हणजे प्रश्नात काळ शिरला. कामाची हमी भरवशाची आहे असे मजुराला वाटू लागले, की तो शेतमालकाशी मजुरीची बोलणी निराळ्या धिटाईने करील. म्हणजे अपेक्षाही शिरल्या. धोरण बदलले की माणसांचे वागणेही बदलते, म्हणून जुन्या वागणुकीवरून नव्या धोरणाचे भाकीत करता येत नाही, हा रॉबर्ट ल्युकास यांचा १९७६ चा सुप्रसिद्ध आक्षेप याहून निराळा नाही. काळ आणि अपेक्षा यांना एकत्र हाताळण्यासाठी कलनाचा आधार लागतो. गणिताचे प्रयोजन एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

याचा अर्थ पाश्चात्त्य अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलावा असा मात्र नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या भेटीत, आर्थिक अरिष्ट येत असल्याचे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे राणी एलिझाबेथ यांनी विचारले, तेव्हा विद्वानांची पंचाईत झाली. मँचेस्टरच्या पदवी विद्यार्थ्यांनी संघटना स्थापून, आपल्याला शिकविले जाणारे अर्थशास्त्र एकांगी आहे, असे सांगणारा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पॉल रोमर यांनीही २०१६ मध्ये या शाखेच्या गणिती अवडंबरावर कठोर टीका केली. मात्र टीका करणारे विद्यार्थी आणि रोमर यांना ते गणित येत होते, हे विसरून चालणार नाही. जे समजलेले नाही ते नाकारणे ही चिकित्सा नव्हे, ती पळवाट होय.

तेव्हा मार्ग मध्यम असला तरी मोघम नसावा. अर्थशास्त्र मुख्य विषय घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी गणित व संख्याशास्त्र शिकवावे, पण ते अर्थशास्त्राच्या उदाहरणांतून. दिल्ली विद्यापीठाप्रमाणे बारावीच्या गणिताची अट घातली, तर ग्रामीण विद्यार्थ्यांना दारातच अडविल्यासारखे होईल. त्यापेक्षा दारातून आत घेऊन शिकविणे अधिक न्यायाचे. प्रगत पाठ तिसऱ्या-चौथ्या वर्षी यावेत आणि त्यांच्यासोबत रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करीत असलेली आकडेवारी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. सर्वांत निकडीचे काम भाषेचे आहे. हजारो विद्यार्थी मराठीतून परीक्षा देतात, आणि या विषयाची प्राथमिक पायरी ओलांडणारी मराठी पुस्तके मात्र दुर्मिळ आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेसारखी १९३० पासूनची परंपरा असलेल्या राज्यात ही उणीव शोभत नाही.

हे न झाल्यास नुकसान कोणाचे होईल, हे उघड आहे. महागड्या संस्थांतून शिकणाऱ्यांना ही भाषा अवगत होईलच, आणि देशाच्या व्याजदराचा व अंदाजपत्रकाचा निर्णय तेच घेतील. त्या निर्णयांचे परिणाम भोगणाऱ्यांच्या मुलांना मात्र ते निर्णय तपासून पाहण्याचे साधनही मिळणार नाही. ती मुले ज्या वर्गांत बसतात, तेथे अवघड विषय नेण्याचे कष्ट विद्यापीठांनी घेतलेच पाहिजेत.