बंदुकीचा धक्का अन् मझल ब्रेकचं खूळ

मंडळी, या हंगामात तिघा-चौघांनी मला एकच विचारलं. पीक संरक्षणाची बंदूक खांदा फोडते, नळीच्या तोंडाला तो भोकाभोकांचा मझल ब्रेक बसवू का? माझं उत्तर: बसवू नका. मोबाईलवर परदेशी शिकाऱ्याचे व्हिडिओ पाहून आपली बंदूक बिघडवायचे धंदे बंद करा.

व्हिडिओतली ती रायफल असते. गोळीमागं फार दाबाचा वायू निघतो, तो बाजूला वळवून ब्रेक धक्का कमी करतो. शस्त्र कायदा १९५९, कलम १३ नुसार आपल्याला पीक राखायला मिळते ती ठासणीची, नाहीतर गरज पटली तर २० इंच वा जास्त लांब नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. बारा बोरच्या तोंडाशी वायूचा तेवढा दाब उरतच नाही. मग फायदा थोडा, अन् आवाज मात्र बाजूला अन् मागं फेकला जातो. जागलीला शेजारी बसलेल्या भावाच्या कानाचं काय? शिवाय विनापरवाना माणसाकडून बंदूक दुरुस्त करून घेणं, तिच्यात फेरफार करणं गुन्हा आहे. गावातला वेल्डिंगवाला कितीही हुशार असो.

आता हिशोब पाहा. ३ किलोची बंदूक वजन घालून साडेतीन किलोची केली, तर धक्क्याची ऊर्जा सातव्या हिश्शानं कमी होते. वेग तोच ठेवून काडतुसात ३२ ऐवजी २४ ग्रॅम छर्रे असले, तर ती सुमारे ४० टक्क्यांनी उतरते. ठासणीवाल्यांचं तर सगळं स्वतःच्या हातात. तरी मूठभर दारू अंदाजानं ओततात अन् खांदा दुखला म्हणून बंदुकीला शिव्या देतात! माप ठेवा. जास्तीच्या दारूनं नळीही फुटते.

"हलक्या काडतुसानं डुक्कर मरते का?" असं कोणी म्हणेलच. बाबा, मारायला बंदुकीचा परवाना पुरत नाही, वन खात्याची परवानगी वेगळी लागते. ती नसेल तर जागलीला नुसता आवाज पुरे, त्याला भारी काडतूस कशाला? परवानगी असेल तर सराव हलक्यानं करा, भारी काडतूस त्या एका बारापुरतं ठेवा अन् जवळूनच मारा. भारी काडतुसावर रोज सराव करणाऱ्याचे बार काढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी खाली जाते. डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पऱ्हाटीत शिरते. सकाळी त्याच वावरात वेचणीच्या बाया जातात. हे ध्यानात ठेवूनच खांद्याच्या दुखण्याकडे पाहा.

खरा इलाज स्वस्त आहे, म्हणून कोणाला पटत नाही. दस्त्याच्या मागं रबरी पॅड. त्यानं धक्का नाहीसा होत नाही, पण हळू अन् जास्त जागेवर पसरून लागतो. दुपट्ट्याची घडी खांद्यावर ठेवणारे आहेत, पण ती ऐन वेळी सरकते. पॅडनं दस्ता बोटभर लांब होतो, अन् थंडीत स्वेटर घातल्यावर तो काखेत अडकतो. म्हणून परवानाधारक कारागिराकडे जाताना जागलीचे कपडे घालूनच जा अन् तेवढं लाकूड कमी करून घ्या.