‘करिष्ये’ म्हणण्यापूर्वी

परवाच्या कांदेनवमीला घरोघरी भजी, थालीपीठ, भरीत यांचा यथेच्छ समाचार घेऊन झाला, आणि आज शयनी एकादशीस श्रीविष्णू क्षीरसागरी निद्रिस्त झाले. कार्तिक शुद्ध एकादशीस देव जागे होईपर्यंत आता चातुर्मास. आमच्या पंढरीत आज चंद्रभागेच्या वाळवंटी पाऊल ठेवावयास जागा नाही. परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते वारीविषयी नव्हे. ज्यांना येथवर येणे घडले नाही अशा घराघरांतून आज-उद्या देवापुढे बसून जो नेम धरला जाईल, त्याविषयी लिहावयाचे आहे.

नेमांची आपली परंपरा मोठी संपन्न. श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करणारी घरे अद्याप आहेत. कोणी धारणे-पारणे करतो, कोणी भोजनसमयी मौन पाळतो, कोणी परान्न घेत नाही; स्त्रिया गोपद्मे काढतात, लक्ष वाती वळतात. हे आम्ही नव्याने सांगावे असे नाही. विचार करावयाचा तो नेमाआधीच्या संकल्पाचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी गुरुजींच्या मागून पुटपुटून उरकला जातो.

‘कल्पना’, ‘विकल्प’ आणि ‘संकल्प’ हे तीनही शब्द एकाच धातूचे, आणि धातुपाठाने त्या धातूचा अर्थ सामर्थ्य असा दिला आहे. मनात उठते ती कल्पना, तिला फाटे फुटतात तो विकल्प, आणि सारे बळ एके ठिकाणी आणून जे ठरते तो संकल्प. मराठीत मात्र संकल्प ‘सोडतात’! परभाषिकास वाटावे की टाकूनच दिला. आणि दिवाळीपर्यंत पुष्कळांचे तसेच होते, हेही खरे.

या संकल्पाची रचना पाहावी. आरंभ ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून. मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचक्र, कलियुगाचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि इतके सारे उतरत येऊन शेवटी आपले गोत्र आणि आपले नाव. एका वेळच्या पूजेसाठी, एका वेळच्या उपवासासाठी एवढी प्रचंड मोजणी! मी या अफाट काळात व देशात नेमका कोठे उभा आहे हे आधी ओळखावे आणि मगच काय करणार ते बोलावे, अशी पूर्वजांची योजना दिसते. एरवी आपण पाट ओढून जेवावयास बसतो तेव्हा तिथी राहो, वारसुद्धा ध्यानात नसतो.

आणि सर्वांच्या शेवटी येते ‘करिष्ये’. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास येथे थांबावे लागते. ‘करिष्यामि’ असेही रूप आहे, मग ‘करिष्ये’च का? पाणिनीने नियम घालून दिला आहे की, क्रियेचे फळ जेव्हा कर्त्याकडेच जाते तेव्हा अशा धातूंना आत्मनेपद लागते. म्हणून दुसऱ्यासाठी यज्ञ चालविणारा याजक ‘यजति’ आणि स्वतःसाठी करणारा यजमान ‘यजते’. ‘करिष्ये’ म्हणणारा यजमान सांगतो ते हे, की मी करणार आणि फळही माझेच.

हे पाठ आम्ही आयुष्यभर शिकविले. त्याचा अर्थ मात्र आम्हांस आमच्या स्वयंपाकघरात कळला.

इ. स. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी आम्ही धारणे-पारणे धरले होते. धारण्याच्या दिवशी आम्हांस वरी, राजगिरा, दाण्याची आमटी. पारण्याच्या दिवशी कीर्तनास निघण्यापूर्वी, म्हणजे अवेळी, पूर्ण स्वयंपाक. मुलांचे डबे निराळेच. कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही व्रतमहिमा सांगत होतो आणि श्रोते माना डोलवीत होते. एके दिवशी दुसरी चूल पेटवता पेटवता सौभाग्यवती सहज म्हणाल्या, “तुमचा नेम पाच महिन्यांचा झाला, तसा माझाही झाला. मला मात्र कोणी संकल्प विचारला नाही.” बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देता आले असते.

फळ आमचे, करणे त्यांचे. ते व्रत आत्मनेपदी कसले! घरातील एकाने उपवास धरावा आणि दुसऱ्याने साबुदाणा भिजत घालावा, असे किती नेम आपल्या घरांतून चालतात याचा विचार ज्याचा त्याने करावा. तेव्हापासून आम्हांस कोणी नेम विचारला तर आम्ही प्रथम हेच विचारतो की, तो पाळावयाचा कोणाच्या हातांनी?

आमच्या मते या कसोटीस सर्वांत चांगला उतरतो तो एकवाढीचा नेम. पानात एकदा वाढले तेवढेच. मागून घ्यावयाचे नाही, टाकावयाचे नाही, मीठ उणे असले तरी बोलावयाचे नाही. वरकरणी अगदी किरकोळ. परंतु पहिला घास घेण्यापूर्वी आज मला भूक किती आहे हे स्वतःस विचारावे लागते, आणि वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहून वेळीच ‘पुरे’ म्हणावे लागते. त्या क्षणी समोर भ्रमणध्वनी चालत नाही. चार महिन्यांत असे दोनशेहून अधिक वेळा घडते. चूक झाली तर अर्धपोटी उठतो तो नेम धरणाराच. इतरांस तोशीस नाही. मौनाचा नेमही उत्तम, मात्र खाणाखुणांनी चटणी-कोशिंबीर मागणारे मौनव्रती आम्ही पाहिले आहेत. बोलणाऱ्यापेक्षा घराला त्यांचाच जाच अधिक.

यंदा आम्ही एकवाढीचा नेम धरीत आहोत, आणि जेवलेले ताट आमचे आम्ही घासणार आहोत. या खेपेस सौभाग्यवतींनाही विचारले, “तुमचा नेम कोणता?” त्या क्षणभर थांबल्या, मग वातींचा कापूस पिंजता पिंजता म्हणाल्या, “द्वादशीला सांगते.”