लेथ घेतला, पण सांगायचं वेगळंच आहे



आज पिकाबद्दल नाही, लोखंडाबद्दल लिहितोय. मुद्दा शेतीचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगात चांगला पाऊस झाला, चौथ्या दिवशी वाफसा आला. सोयाबीन पेरायला उतरलो आणि दुसऱ्याच एकरात पेरणीयंत्राच्या शाफ्टचा बुश फुटला. अंगठ्याएवढा तुकडा. दुकानदार म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, आठ दिवस. तालुक्याला लेथवाल्याकडे गेलो तर माझ्या आधी अकरा जण. कुणाचा रोटाव्हेटरचा शाफ्ट, कुणाचा पंपाचा. सगळ्यांना आजच पाहिजे. चौथ्या दिवशी बुश हातात पडला आणि त्याच रात्री पाऊस लागला. पेरणी सोळा दिवस लांबली. पुढं शेंगा भरायच्या वेळी पावसानं ओढ दिली, त्या रानाचा उतार निम्म्यावर आला. शेजारच्याचं वेळेत पेरलेलं बांधापलीकडं बरं होतं, ते रोज बघायचो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तालुक्यातलं एक बंद पडलेलं वर्कशॉप भंगारात निघालं. त्यात साडेचार फुटी पट्ट्याचा लेथ होता. वजनकाट्यावर सव्वापाच क्विंटल भरला. किलोला ३८ रुपयांप्रमाणे १९,९५० दिले आणि ट्रॉलीत घालून घरी आणला. घरात विचारलं, "हे कशाला?" खरं सांगतो, मलाही नीट माहीत नव्हतं.

लेथ दिसायला भक्कम, पण सगळा भार वर आणि चकच्या बाजूला असतो. उतरवताना आमचा कलंडलाच होता. चेन कप्पी लावा, खाली पाईप टाकून सरकवा, माणसं एका बाजूला ठेवा. पाय गेला तर वाफसा कुणासाठी?

गंज बघून घाबरलो होतो, पण गंज ही सगळ्यात सोपी गोष्ट निघाली. मोठ्या भागांना डिझेल लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पितळी ब्रशनं घासलं. बारके भाग प्लास्टिकच्या टपात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला जोडली. एका रात्रीत गंज सुटतो. पट्टी स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावरच करा. आणि बेडवर ग्राइंडर कधीच फिरवू नका. बेड म्हणजे लेथचं रान, ते एकदा खरवडलं की परत सपाट होत नाही.

मी फसलो ते पुढं. लेथ घासूनपुसून रंगवला, फरशीवर ठेवला आणि बोल्ट गच्च आवळले. पहिला बुश काढला तर एका तोंडानं शाफ्टवर सैल, दुसऱ्या तोंडानं अडकतोय. तीन बुश वाया घालवले. मग गावातल्या एका काकांना बोलावलं. एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते, आता निवृत्त. त्यांनी लेथकडं बघितलंच नाही, आधी फरशीकडं बघितलं. म्हणाले, "तुझ्या रानाला ढाळ चालतो. लेथलाही ढाळ चालेल, पण पीळ चालत नाही."

त्यांनी बोल्ट ढिले करायला लावले. चकमध्ये एक जाड सळई धरली, टेलस्टॉकचा आधार न देता. सळईवर चकजवळ एक आणि टोकाला एक अशा दोन पट्ट्या राखल्या, मधला भाग बारीक केला. मग दोन्ही पट्ट्यांवरून एकाच सेटिंगला अगदी हलका कट घेतला आणि मायक्रोमीटरनं मोजलं. दोन्हींच्या व्यासात ०.०९ मिलिमीटरचा फरक! माझ्या फरशीनं लोखंडी बेड पिळला होता. टेलस्टॉककडच्या एका पायाखाली कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घातला, परत मोजलं, परत घातला. संध्याकाळपर्यंत फरक ०.०२ वर आला. शेतीच्या बुशला तेवढं भरपूर झालं.

कुणी जुना लेथ बघायला जाणार असेल तर काकांनी शिकवलेलं सांगतो. रंग बघू नका. झीज चकजवळ जास्त असते, कारण बहुतेक काम तिथंच होतं. कॅरेजची जिब पट्टी चकजवळ नीट बसेल अशी आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडं सरकवा. तिकडं घट्ट अडकली तर बेड चकजवळ खाल्लेला आहे. स्पिंडलवर डायल गेज लावून लाकडी दांड्यानं वर उचलून बघा, किती हलतो ते कळेल. आटे पाडायचे बदली गिअर आहेत का मोजा, भंगारवाले ते वेगळे विकतात. मोटर, पट्टा, बुश हे सगळं बाजारात मिळतं. खाल्लेला बेड दुरुस्त करायचा खर्च आपल्याला परवडत नाही.

माझा एकूण खर्च ४७ हजारांच्या घरात गेला आणि चार महिन्यांच्या संध्याकाळी. गेल्या दोन हंगामात एकदाही अवजार बुशवाचून उभं राहिलं नाही, गावातल्या दहाबारा जणांचंही काम निघालं. तरी माझं मत ऐका: प्रत्येकानं लेथ घेऊ नये. हिशेब बसत नाही, आणि न शिकता चालवला तर बोटं जातात. उपरणं, लांब बाही, अंगठी, हातमोजे यातलं काहीही घालून लेथजवळ उभं राहायचं नाही. चकची चावी काढल्याशिवाय स्विच दाबायचा नाही.

पण पाचसहा गावांत मिळून एक लेथ आणि तो चालवणारा एक माणूस असलाच पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आमच्याच सांगली जिल्ह्यात, तेव्हाच्या औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर केले. नांगर जिथं चालायचा तिथून कारखाना लांब नव्हता. आज आपली अवजारं लांबून येतात, त्याला हरकत नाही, पण ती मोडतात आपल्याच रानात. कृषी खात्यातल्या मित्रांना हेच सांगायचंय. अवजार घ्यायला अनुदान आहे, अवजार बँकेला आहे. त्या बँकेच्या शेडमध्ये एक लेथ, एक वेल्डिंग सेट आणि आयटीआय झालेला एक टर्नर बसवायची चर्चा का होत नाही? वाण कोणतं आणि खत किती यावर आपण तासन् तास बोलतो. वाफशाचे चार दिवस एका बुशपायी जातात, ते कुठल्याच शिफारशीत येत नाही.

आमच्या गावातली टर्नर झालेली दोन पोरं शहरात कंत्राटावर आहेत. काकांचं वय झालंय, हात थरथरतो, तरी दर रविवारी येतात. मी चार गोष्टी शिकलो, त्यांना चारशे येतात. लेथ मला किलोवर मिळाला. काकांचं ज्ञान तसं मिळायचं नाही.

तुमच्या गावात असा कुणी निवृत्त टर्नर असेल तर आधी त्याच्याकडं एक पोरगं पाठवा. लेथचं नंतर बघू.